कपाटातलं पिस्तूल आणि "मुलांना माहीतच नाही"

"मुलाला दम लागला म्हणून हॉस्पिटलात नेलं, तर तिथे घरात बंदूक आहे का विचारलं. आमच्यावर संशय आहे का? पोलिसांना कळवणार का?" अमेरिकेतले मराठी पालक मला हे नेहमी विचारतात. मी टेक्सासमधल्या मुलांच्या एका हॉस्पिटलात समुपदेशक आहे, तेव्हा असं विचारणाऱ्यांपैकी मीही एक. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एका घरातली हकिगत सांगते.

आठ वर्षांचा मुलगा दम्याने दाखल होता. सोबत आईबाबा, पंधरा वर्षांची ताई आणि सांगलीहून काही महिन्यांसाठी आलेल्या आजी. घरात कुणी सिगारेट ओढतं का, औषधं कुठे असतात, गाडीत मुलाची सीट आहे का, हे झाल्यावर त्याच ओघात मी म्हटलं, "घरात बंदूक असली, तर कशी ठेवता?" "आहे का" असं मी शक्यतो विचारत नाही. "असली तर" म्हटलं की माणूस बचावाचा पवित्रा घेत नाही.

बाबा म्हणाले, "आहे. मागच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा पिस्तूल घेतलं. पण कपाटात अगदी वर असतं, चादरींच्या मागे. मुलांना माहीतच नाही."

आजींनी नातवाचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "ती काळी पिशवी ना? मला छोट्यानंच दाखवली. बाबाला सांगू नको म्हणाला."

बाबांचा चेहरा उतरला. पण ते काही एकटे नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पालकांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं. "बंदूक कुठे असते ते मुलाला ठाऊक नाही" म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांना ती जागा ठाऊक होती. आणि "त्यानं कधी हात लावलेला नाही" म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी ती हाताळल्याचं सांगितलं. लपवलेला दिवाळीचा फराळ ज्यांना सापडतो, त्यांना पिशवी सापडणारच.

आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात बंदूक पाहिली ती पोलिसाच्या किंवा बँकेच्या रखवालदाराच्या खांद्यावर. इथे दुकानात पार्श्वभूमीची तपासणी झाली की बऱ्याचदा त्याच दिवशी ती घरी येते. ती सांभाळायची कशी, याचं वळण मात्र आपल्या घरात नसतं.

"कुलूप लावलं तर चोर आल्यावर उपयोग काय?" हा बाबांचा पुढचा प्रश्न, आणि जवळपास प्रत्येक बाबाचा. बंदूक असावी की नसावी यावर माझं मत आहे, पण ते मी पेशंटच्या खाटेशी मांडत नाही. आकड्यांची बाजू पाहिली तर २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी वाहन अपघात होते. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेचा सल्ला असा की घरात बंदूक नसणं सर्वांत सुरक्षित; असलीच तर ती रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. बाबांना काडतुसं वेगळी ठेवणं तेव्हा पटलं नाही. मी ताणून धरलं नाही. आकडे दाबून काही सेकंदांत उघडणारी पोलादी पेटी मिळते, ती घ्यायला ते तयार झाले. पेटी येईपर्यंतच्या दिवसांसाठी मी केबलचं कुलूप दिलं आणि नमुन्याच्या प्लास्टिकच्या पिस्तुलावर लावून दाखवलं: मॅगझिन म्हणजे काडतुसांचा कप्पा काढायचा, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे ओढून आत काडतूस उरलेलं नाही हे डोळ्यांनी बघायचं, मग केबल वरच्या फटीतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढायची आणि कुलपात अडकवायची. आईंनी ते स्वतः लावून पाहिलं. बाबांपेक्षा पटकन जमलं त्यांना.

ताईचा विषय मी मुलं खोलीत नसताना काढला. "ती समजूतदार आहे," आई म्हणाल्या. असेलही. पण या वयात निराशेचा कडेलोट काही मिनिटांचा असू शकतो, आणि बंदूक हाताशी असेल तर सावरायला दुसरी संधी बहुधा मिळत नाही. मूल खचलेलं दिसलं, तर तेवढ्या काळापुरती बंदूक घराबाहेरच हलवायची. बरीच बंदुकीची दुकानं आणि काही पोलीस ठाणी ती ठेवून घेतात. जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे मुलाला थेट विचारायचं आणि ९८८ या अमेरिकेतल्या मानसिक संकटासाठीच्या मदत क्रमांकावर मदत मागायची. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं काही शिरत नाही.

राहिला पोलिसांचा प्रश्न. बंदूक बाळगली म्हणून आम्ही कुणाला कळवत नाही. डॉक्टरांनी असं विचारण्यावर फ्लोरिडाने २०११ मध्ये कायद्याने बंधन घातलं होतं. २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यातला महत्त्वाचा भाग रद्द केला. उलट टेक्सासच्या कायद्याप्रमाणे निष्काळजीपणामुळे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली, तर ती ज्याने तशी ठेवली तो मोठा माणूस गुन्हेगार ठरू शकतो.

पुढच्या तपासणीला बाबांनी फोनवर पेटीचा फोटो दाखवला. काडतुसंही आता वेगळ्या डब्यात, कुलपात होती. "आकडा कुठला ठेवलाय, मला सांगू नका," मी म्हटलं, "फक्त जन्मतारीख नाही ना?" आईंनी बाबांकडे पाहिलं. ताईची होती. तिथेच बसून दोघांनी नवा आकडा ठरवला, आजींना बाहेर पाठवून.