पार्कात डोरेमॉन बसवायचा की शिनचॅन? आधी कागद कोणाचा ते बघा

नांदेड जिल्ह्यातून एका वाचकांनी मोठा मेल पाठवलाय. त्याचा सारांश आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण उत्तर समजेल. वडिलांनी २००९ ला सुरू केलेला छोटा अम्युझमेंट पार्क आहे, जमीन लीजवर, लीजचे अजून ७ वर्षं बाकी. लहान लेकरांचा जो भाग आहे तो जंगल थीमचा, हत्तीची सोंड तुटली, जिराफाचा रंग उडाला, शाळांच्या सहली दुसरीकडं जायला लागल्या. म्हणून तो सगळा भाग अॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, थीमवर नव्यानं करायचा ठरलंय. पुतण्या म्हणतो डिमन स्लेयर, मॅनेजर म्हणतो शिनचॅन, घरातली धाकटी म्हणते डोरेमॉनच. फायबरचे पुतळे करणारा कारागीर म्हणतो, डोरेमॉनला कान लावू, नाव बदलून डोरूमामा ठेवू, नांदेडला कोण येतंय बघायला. आणि मुंबईचा एक एजंट ४ लाखात तिन्ही कॅरेक्टरचं 'लाइफटाइम लायसन्स' द्यायला तयार आहे, १ लाख अॅडव्हान्स गेलाय, त्याच्या लेटरहेडवर एक पत्र आलंय. दोन पुतळे तयार आहेत आणि त्यांचं रील पण इन्स्टाग्रामवर पडलंय. विचारलंय की कोणतं कॅरेक्टर घ्यावं आणि एजंटचं पत्र चालेल का.

दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ते पत्र चालणार नाही. आणि कोणतं कॅरेक्टर घ्यायचं हे लेकरांना काय आवडतं यावर नंतर ठरवा, आधी कोणाचा हक्क तुम्हाला लेखी मिळू शकतो, किती वर्षांसाठी मिळू शकतो, ते बघा. अॅनिमेच्या बाबतीत हेच सगळ्यात अवघड असतं.

अवघड का, तर आपल्याला वाटतं की डोरेमॉन म्हणजे कोणीतरी एक मालक असेल, त्याला पैसे दिले की झालं. जपानात तसं नसतंय. कॉमिक म्हणजे मांगा लेखकाची आणि प्रकाशकाची, त्यावर जी टीव्ही सिरीज निघते तिच्यासाठी बहुतेक वेळा प्रॉडक्शन कमिटी नावाची पार्टनरशिप असते, त्यात प्रकाशक, टीव्ही चॅनल, अॅनिमेशन स्टुडिओ, जाहिरात कंपनी, म्युझिक कंपनी असे पाच-सहा जण बसलेले असतात आणि एकेकाकडं एकेक हक्क. खेळण्याचा हक्क एकाकडं, टीशर्टचा दुसऱ्याकडं, गाण्याचा तिसऱ्याकडं, आणि पार्कात राइड किंवा पुतळे उभारायचा हक्क वेगळाच, त्याला लोकेशन बेस्ड एंटरटेनमेंट म्हणतात. म्हणजे भारतात एखाद्याकडं शिनचॅनच्या दप्तरांचं खरंखुरं लायसन्स असलं तरी तो तुम्हाला शिनचॅनची घसरगुंडी करायची परवानगी देऊ शकत नाही, त्याच्याकडंच ती नाही तर देणार कुठून. तुमच्या एजंटनं तर तीन वेगळ्या मालकांचे तीन कॅरेक्टर एकाच पानावर, ते पण लाइफटाइम, लिहून दिलेत. मी इतकी वर्षं करार वाचतोय, कॅरेक्टरचं लाइफटाइम लायसन्स कोणी देत नाही, तीन वर्ष, पाच वर्ष, आणि मुदत संपली की सगळं काढून टाका अशी अट असते.

आता कारागिराचं बघू. त्याचा हेतू वाईट नाही, गावोगावी असंच चालतं, शाळेच्या भिंतीवर पण डोरेमॉन रंगवलेला असतो. पण तुम्ही तिकीट लावताय, धंदा करताय. कॉपीराइट अॅक्ट १९५७ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सपाट चित्राचं त्रिमितीय रूप करणं हा पण मूळ मालकाचाच हक्क, म्हणजे टीव्हीवरचं चित्र बघून फायबरचा पुतळा केला तरी ती नक्कलच. जपानचं काम आहे म्हणून भारतात लागू नाही असं पण नाही, दोन्ही देश बर्न कन्व्हेन्शन या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत आणि १९९९ च्या इंटरनॅशनल कॉपीराइट ऑर्डरनं परदेशी कामाला इथं संरक्षण आहे. आणि जुनं झालं म्हणून मोकळं झालं का, तर नाही, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, डोरेमॉनचे निर्माते १९९६ ला वारले म्हणजे २०५६ संपेपर्यंत हात लावायचा नाही. ड्रॅगन बॉल या मांगाचे लेखक अकिरा तोरियामा तर २०२४ च्या मार्चमध्ये गेले, तिथं २०८४ पर्यंत.

कान लावून नाव बदलायचं म्हणाल तर माझ्या लेकीला मी हे वाचून दाखवलं, ती म्हणाली बाबा डोरेमॉनला आधी कान होतेच की, उंदरांनी कुरतडले म्हणून गेले. म्हणजे कान लावले तरी तो डोरेमॉनच, उलट गोष्टीतलाच जुना डोरेमॉन. पण ते सोडा, कोर्टात फरक किती दाखवले हे मोजत नाहीत, बघणाऱ्याच्या मनात काय येतं ते बघतात. हे सुप्रीम कोर्टानं १९७८ च्या आर. जी. आनंद केसमध्ये सांगितलंय आणि आजपर्यंत तेच चालतं. नागराज कॉमिक तुम्ही लहानपणी वाचले असतील, त्याच्यासारखा नागेश कोणीतरी काढला होता, १९९६ ला दिल्ली हायकोर्टानं त्याला मनाई केली. डोरूमामाच्या बाजूला उभं राहून तुमच्याच गिऱ्हाइकाचं लेकरू 'डोरेमॉन' म्हणून ओरडलं की तुमचा बचाव संपला.

आणि नांदेडला कोण बघायला येतंय, याचं उत्तर तुम्हीच दिलंय, रील टाकलंय ना. तुमच्यासारखीच गोष्ट २००७ ला कोलकात्याला झाली होती, सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळानं हॅरी पॉटरच्या शाळेसारखा मंडप उभारला. तो तर तिकिटाचा धंदा पण नव्हता, चार दिवसांचा मंडप, तरी लेखिका आणि वॉर्नर ब्रदर्स २० लाखाचा दावा घेऊन दिल्ली हायकोर्टात गेले. कोर्टानं त्या वर्षीचा मंडप राहू दिला पण पुढं परवानगीशिवाय असं करायचं नाही असं बजावलं. तुमचा तर कायमचा पार्क आहे. आणि केस नांदेडलाच होईल हे पण धरून चालू नका, कॉपीराइट अॅक्टच्याच कलम ६२ मुळं कंपनी भारतात जिथं धंदा करते तिथं दावा लावू शकते, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या चकरा तुमच्या वाट्याला येऊ शकतात.

दिवाणी दाव्यापेक्षा मला फौजदारी बाजूची जास्त काळजी वाटते, कारण पार्क तुमच्या आईच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कमीत कमी ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही) आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या निट प्रो केसमध्ये नक्की केलं, आणि कलम ६४ नुसार फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. उद्या ऐन डिसेंबरात सहल आलेली असताना गेटवर जप्ती झाली तर त्या शाळा परत येतील का. आईचं वय ६८, त्यांना या भानगडीत ओढायचं नाही हे आपण दोघं मिळून ठरवूया.

आता मूळ प्रश्न, घ्यायचं काय. मी तिन्ही पर्यायांबद्दल सरळ सांगतो.

डिमन स्लेयर कॉलेजच्या पोरांमध्ये फार चालतंय हे खरं, पण तुमचं गिऱ्हाईक कोण आहे. तुम्हीच लिहिलंय की सत्तर टक्के जिल्हा परिषद शाळेच्या सहली आणि सुट्टीत मामाच्या गावाला आलेली लेकरं. त्या गोष्टीत राक्षस माणसं खातात, मुंडकी उडतात, पाच वर्षांचं लेकरू त्या पुतळ्यापाशी रडेल. शिवाय हक्क मूळ मांगा छापणाऱ्या प्रकाशकाकडं आणि अॅनिमे काढणाऱ्या कंपन्यांकडं वाटलेले. पुतण्याचा उत्साह मला आवडला, पण हे तुमच्या पार्कासाठी नाही.

डोरेमॉन आणि शिनचॅन दोन्ही आपल्याकडं २००५-०६ पासून हिंदीत टीव्हीवर आहेत, खेड्यातल्या लेकरांना पण पाठ आहेत. लायसन्स देणारे अधिकृत एजंट भारतात नेमलेले असतात म्हणून निदान दार ठोठवायला जागा आहे. दोघांत निवडायचं तर मी डोरेमॉन म्हणेन, कारण शिनचॅनच्या वागण्यावर पालकांच्या तक्रारी येऊन २००८ ला आपल्याकडं प्रसारण थांबलं होतं, आणि सहल पालक आणि हेडमास्तर ठरवतात, लेकरं नाही. तुम्ही विचारलं नाही, पण नारुतो नावाच्या अॅनिमेचं जपानात फुजी-क्यू हायलँड पार्कात आणि अवाजी बेटावर दोन्हीकडं २०१९ पासून खास गाव उभारलंय, म्हणजे त्यांना पार्कची परवानगी द्यायची सवय आहे, पण ते मोठ्या पार्कांशी बोलतात. ड्रॅगन बॉलचं तर सौदीच्या किद्दियात पाच लाख चौरस मीटरपेक्षा मोठं पार्क जाहीर झालंय, ७० मीटर उंच ड्रॅगनसकट. तिथं आपला विषयच नाही.

खरं सांगू का, अडीच एकराच्या पार्काला कायमस्वरूपी लायसन्स परवडणार नाही. त्यात मिनिमम गॅरंटी असते, म्हणजे गर्दी होवो न होवो ठरलेली रक्कम द्यायचीच, वर तिकिटावर किंवा विक्रीवर टक्केवारी, प्रत्येक पुतळ्याच्या रंगाचं सॅम्पल मंजुरीला पाठवायचं, ते दोन-दोन महिने येत नाही. जपानला थेट पैसे पाठवले तर दोन देशांच्या करारानुसार रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापावा लागतो आणि जीएसटी रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा, आणि समोरचा म्हणतो आमच्या हातात पूर्ण रक्कम आली पाहिजे म्हणजे टॅक्सपण तुमच्यावर. सोयाबीनचा भाव पडला की तुमची दिवाळीची गर्दी अर्धी होते हे तुम्हीच लिहिलंय, तिथं मिनिमम गॅरंटी म्हणजे गळ्यात धोंडा.

म्हणून माझा सल्ला दोन भागात आहे. कायमचा भाग तुमच्या स्वतःच्या कॅरेक्टरचा करा, आणि अॅनिमे आणायचंच असेल तर एका सीझनपुरतं, उन्हाळी सुट्टीच्या दोन महिन्यांचं लायसन्स मागा. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओमध्ये पण २०१५ पासून बऱ्याच अॅनिमे राइड ठरावीक मुदतीच्याच असतात, गाजलेलं गेलं की दुसरं येतं. तुम्हाला पण दरवर्षी बोर्डावर नवीन काहीतरी लावता येईल आणि पैसे अडकणार नाहीत.

स्वतःचं कॅरेक्टर म्हणजे काय, तर अॅनिमेची स्टाइल कोणाच्या मालकीची नाही. मोठे डोळे, उडणारे केस, वेगाच्या रेषा, ह्याच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही, कॉपीराइट ठरावीक चित्रावर असतो. देवगिरीच्या अंधारवाटेतून उडी मारणारी पोरगी, पाणचक्कीच्या पाण्यावर राहणारा जादूगार, गोदावरीतली एक खट्याळ मगर, असं कितीतरी करता येईल आणि ते सगळं तुमचं असेल. संभाजीनगरला फाइन आर्टची पोरं आहेत, उत्तम काढतात. फक्त त्यांच्याकडून लेखी असाइनमेंट, म्हणजे चित्राचे हक्क तुमच्या नावावर केल्याचा कागद, घ्या. हे विसरू नका, कारण पैसे दिले म्हणून चित्र आपोआप तुमच्या मालकीचं होईल यावर विसंबून राहता येत नाही, आणि कागदात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट अॅक्टच्या कलम १९ प्रमाणं ५ वर्षं धरतात, राज्य-देश लिहिला नाही तर फक्त भारत. 'संपूर्ण कालावधीसाठी, संपूर्ण जगासाठी, पुतळे, खेळणी, व्हिडिओ सगळ्यासाठी' असं शब्दात लिहून घ्या. त्या पोरांना पैसे पण नीट द्या. मग नावाचा ट्रेडमार्क क्लास ४१, म्हणजे करमणुकीच्या वर्गात, टाका, टोप्या-टीशर्ट विकणार असाल तर २५ पण.

सीझनच्या लायसन्ससाठी बोलाल तेव्हा करारात बघायच्या गोष्टी. देणाऱ्याकडं पार्कचा हक्क आहे याचा वरपर्यंतचा कागद, मूळ मालकाच्या अधिकृत ईमेलवरून खात्री, आणि त्याचा हक्क खोटा निघाला तर तुमचं नुकसान तो भरेल हे कलम. ते द्यायला तयार नसेल तर उठून या. गाणी वाजवायची असतील तर त्याची परवानगी वेगळी, कॅरेक्टरच्या लायसन्समध्ये ती येत नाही, आणि पार्कात खेळणी विकणाऱ्या स्टॉलवाल्यांकडं नकली डोरेमॉन असेल तर तो पण आधी काढायला लावा.

राहिला एजंटचा १ लाख. त्यांच्याशी आज व्हॉट्सअॅपवर भांडू नका. आधी एक साधा मेसेज टाका की मालकाकडून आलेल्या मूळ कराराची कॉपी पाठवा, सात दिवसांत. आली नाही की मग वकिलाकडून नोटीस. खोटं सांगून करार करून घेतला तर कॉन्ट्रॅक्ट अॅक्टच्या कलम १९ नुसार तुम्ही तो रद्द करू शकता आणि पैसे परत मागू शकता, दाव्याची मुदत ३ वर्षं. त्यांनी बनावट कागद दाखवला असं निघालं तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ पण आहे, पण ते शेवटी. बँक ट्रान्सफरची पावती, कॉल रेकॉर्डिंग, लेटरहेडचा मूळ कागद एका फाइलमध्ये ठेवा, त्यावर काही लिहू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका.

ते दोन तयार पुतळे विकू पण नका, विकलं तर तो आणखी एक गुन्हा. ताडपत्री टाकून गोडाउनमध्ये ठेवा, कारागिराला सांगा की आहे त्या फायबरवरून डोकं कापून नवीन साचा लावता येईल का, बहुतेक येतं. त्याची मजुरी बुडवू नका, चूक त्याची एकट्याची नाही. रील आज रात्रीच काढा, पण काढायच्या आधी तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, उद्या कोणी नोटीस पाठवली तर किती दिवस होतं आणि आपण स्वतःहून काढलं हे दाखवायला लागेल. आणि लीजचा करार मला पाठवा, त्यात बांधकाम बदलायला जमीनमालकाची परवानगी लागते का ते बघायचंय, नवीन चित्रकाराला अॅडव्हान्स देण्याआधी.