प्रार्थनेनंतर प्लॅन: मंडळीतल्या चेन मार्केटिंगबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: ख्रिस्तात सलाम ताई. आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची, सव्वाशेच्या आसपास कुटुंबं. माझी जाऊ महिला मंडळात खूप ॲक्टिव्ह आहे. वर्षभरापूर्वी ती एका हेल्थ पावडरच्या कंपनीत जॉइन झाली आणि आता घरगुती प्रार्थना सभा संपली की चहाबरोबर प्लॅन दाखवणं, म्हणजे माणसं जोडून पैसे कसे मिळतात ते समजावणं, सुरू होतं. मी अजून सभासद होऊन आयडी घेतलेला नाही तर म्हणते, तुझा विश्वास कमी पडतो. मागच्या महिन्यात एका काकूंनी साक्ष दिली की प्रभूने या पावडरीतून मला बरं केलं, मी शुगरच्या गोळ्या सोडल्या. मला काय करावं समजेना. नातंही तोडायचं नाहीये.

उत्तर: ताई, आधी त्या काकूंकडे जा. आजच जा. शुगरच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीसुद्धा सोडायची नाही. आणि एखादी वस्तू मधुमेह बरा करते अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, हे जावेच्या अपलाइनला, म्हणजे तिला साखळीत जोडणाऱ्याला, माहीत असतं, म्हणून तर कंपनीच्या छापील पत्रकावर तसं काही नसतं आणि बोलायचं काम साक्षीवर सोडलेलं असतं. काकूंच्या तोंडून गेलं की कंपनी मोकळी.

आता पैशाचं. तुमच्या मंडळीत समजा 121 कुटुंबं आहेत. पहिल्या कुटुंबाने तीन जोडली, त्या तिघांनी प्रत्येकी तीन म्हणजे 9, मग 27, मग 81. सगळी बेरीज करा, 121. झाली मंडळी संपली. शेवटच्या 81 घरांना खाली लावायला कोणी उरलंच नाही, म्हणजे दर तीन घरांतली दोन घरं फक्त माल विकत घेणारी. आणि ती शेवटची घरं कोणाची असतात बघा, ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांची, विधवा बहिणींची, नुकत्याच मंडळीत आलेल्यांची, ज्यांच्या घरी मंडळीने अडचणीत किराणा पोचवला होता त्यांची. ते म्हणतील आपण बाहेरचे लोक आणू, पण बाहेरचे येत नाहीत, कारण शेजारच्या गावातल्या मंडळीत आणि समाजमंदिरात आणि बचत गटात त्यांची त्यांची साखळी सुरू झालेली असते.

चेनवाल्यांना चर्च आवडतं त्याला कारण आहे. दर रविवारी भेटणारी माणसं, सगळ्यांचे नंबर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकमेकांवर भरवसा. शिवाय बोलण्याची पद्धत तयारच आहे, साक्ष द्यायची, आशीर्वाद म्हणायचं, नवीन माणसाला हाताला धरून आणायचं. कंपनीच्या सेमिनारमध्ये जे शिकवावं लागतं ते आपल्या बायकांना संडेस्कूलपासून येतं. म्हणून जावेला ते वेगळं वाटतच नाही, ती फसवायला निघालेली नाहीये, तिला खरंच वाटतंय की ती भलं करतेय. पण इथे नाही म्हणणं हे वस्तूला नाही म्हणणं राहत नाही, देवाला नाही म्हटल्यासारखं होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे. तुमचा विश्वास पावडरीच्या डब्यावरून मोजायचा अधिकार कोणालाच नाही.

प्लॅन दाखवताना यिर्मयाचा 29 वा अध्याय, 11 वं वचन हमखास काढतात, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत म्हणून. जावेबरोबर बसून त्याच्या आधीचं 10 वं वचन वाचा. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय आणि त्यांना सांगितलंय की सत्तर वर्षं इथेच काढायची आहेत, घरं बांधा, बागा लावा. सहा महिन्यांत डायमंड, म्हणजे कंपनीतल्या वरच्या पायरीवरचे, होण्याचं वचन त्यात कुठेच नाही.

जावेशी भांडू नका, एकांतात बोला. धंदा करू नको असं म्हणूच नका. प्रार्थना सभेत नको, मंडळीच्या ग्रुपवर नको, महिला मंडळाच्या यादीतून फोन नको, एवढंच मागा. मग तिला कळेल की चर्च बाजूला काढलं तर धंद्यात किती उरतं. आणि तिला वहीत जमाखर्च लिहायला लावा, दर महिन्याला कंपनीचे खरेदीचे पॉइंट पूर्ण करायला स्वतःच्या पैशाने घेतलेला माल, सेमिनारचा प्रवास, पेट्रोल, सगळं. चेकचा फोटो सगळे दाखवतात, ही वही कोणी दाखवत नाही.

प्रश्न: आमचे पाळक स्वतःच एका कंपनीत आहेत. त्यांचं मानधन फार थोडं आहे, दोन मुलं कॉलेजला, त्यामुळे कोणी बोलत नाही. पौलसुद्धा तंबू शिवत होता असं ते म्हणतात. यात चूक आहे का?

उत्तर: दादा, पाळकांनी पोटासाठी काम करणं यात काहीच गैर नाही. शिकवण्या घ्याव्यात, शेती करावी, दुकान टाकावं. पण पौलाचा दाखला इथे बसत नाही. प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबू करतो, आणि त्याच्याकडून तंबू घेणाऱ्याला पुढे तंबू विकणारे शोधायला लागत नव्हते. तंबू घेतला, पैसे दिले, व्यवहार संपला. पाळकांच्या बाबतीत गोष्ट अशी होते की जो माणूस तुमच्या घरी मयतीला आला, मुलाचा बाप्तिस्मा केला, ज्याला तुम्ही नवराबायकोची भांडणं सांगितली, तोच तुमचा अपलाइन होतो, त्याला तुमच्या खरेदीवर कमिशन मिळतं. मग संकटात कोणाकडे जाणार तुम्ही? माल घेणं बंद केलं तर त्याच्याकडे प्रार्थना मागायलाही संकोच वाटतो, असे लोक चर्चला यायचे थांबतात. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात 6 व्या अध्यायात भक्तीला कमाईचं साधन समजणाऱ्यांबद्दल लिहिलंय ते कमिटीने आणि पाळकांनी एकत्र बसून वाचावं.

पण कमिटीला माझं दुसरंही सांगणं आहे आणि ते जरा कडक आहे. मानधन थोडं आहे हे सगळ्यांना माहीत असताना गप्प कोण बसलं? हंगामाच्या सणाला लिलावात एका भोपळ्यावर चढाओढीने बोली लावतो आपण, तो पैसा उघडपणे मंडळीच्या खात्यात जातो, चांगलंच आहे, मग तसंच उघडपणे पाळकांच्या मानधनावर मीटिंग घ्या. आधी मानधन वाढवा, मग त्यांना कंपनी सोडायला सांगा.

प्रश्न: मी डॅलसजवळ राहते. इथल्या बायबल स्टडी ग्रुपमध्ये तेल, लेगिंग्ज, मेकअप सगळंच विकतात आणि सगळे म्हणतात ही ख्रिस्ती कंपनी आहे. हे इथलंच खूळ आहे का?

उत्तर: मुळं तिकडचीच आहेत. ॲमवे 1959 मध्ये मिशिगनमधल्या अडा गावात रिच डिव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल यांनी सुरू केली, दोघंही डच रिफॉर्म्ड परंपरेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चचे. तुमच्याच डॅलसमध्ये 1963 मध्ये मेरी के सुरू झाली, तिचं सूत्रच आधी देव, मग कुटुंब, मग करिअर. युटामध्ये मॉर्मन समाजात तर अशा कंपन्यांची रांग आहे. फेडरल ट्रेड कमिशन या तिकडच्या सरकारी संस्थेने 1979 मध्ये ॲमवे पिरॅमिड, म्हणजे नुसती माणसं जोडण्यावर चालणारी योजना, नाही असा निर्णय दिला, पण त्याच निर्णयात कमाईचे फुगवलेले दावे थांबवा असंही बजावलं, आणि लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं सांगत नाहीत. याच कमिशनने 2024 मध्ये 70 कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची कागदपत्रं तपासली, तर बहुतेकांची कमाई वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, आणि बहुतेक कागदपत्रांत खर्च धरलेलाच नव्हता. ग्रुपमधल्या विकणाऱ्या मैत्रिणीकडे तिच्या कंपनीचा असा कागद मागा. मालक चर्चला जातात की नाही याने तिच्या हिशोबात एक डॉलरचाही फरक पडत नाही.

प्रश्न: मी अडकलोय. माल घरात पडून आहे, अपलाइन म्हणजे माझाच तरुण संघातला मित्र फोन उचलत नाही. भारतात कायदा काय म्हणतो?

उत्तर: भाऊ, माल फोडू नका, बिलं आणि व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका. माणसं जोडून पैसा फिरवण्याच्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे, त्यात कोणाला सभासद करून घेणंसुद्धा येतं, त्यामुळे पैसे वसूल करायला तुम्ही दुसऱ्या कोणाला लावू नका, नाहीतर तुम्हीच अडचणीत याल. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने ग्राहक संरक्षण कायद्याखाली डायरेक्ट सेलिंगचे नियम आणले, त्यात पिरॅमिड योजनेला बंदी आहे आणि कूलिंग-ऑफची सोय आहे, म्हणजे करार केल्यावर ठरलेल्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमचा करार काढा, ती मुदत आणि माल परत घेण्याची अट बघा आणि कंपनीलाच लेखी कळवा, मित्राला नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, रक्कम मोठी असेल आणि बरेच जण अडकले असतील तर सगळे मिळून पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. मित्राला एक मेसेज टाका की मी कंपनीकडे तक्रार करतोय, तुझ्याकडेही पडून असलेला माल असेल तर तूही ये बरोबर. बहुतेक वेळा फोन न उचलणाऱ्याच्या घरातही तीच खोकी असतात.