सहाचं जेवण की साडेआठचं?

"पोरानं मोबाइलवर एक कागद धाडला जी. तीनच चौकोन हायेत त्यात. पण तवापासून डोयाले डोया नाही लागला."

आर्वी तालुक्यातल्या एका गावाहून समुपदेशनाला आलेल्या मावशींचं हे पहिलं वाक्य. वय ५८, घरी कापूस-सोयाबीनची शेती, मुलगा पुण्यात नोकरीला. (ओळख कळू नये म्हणून गाव-घराचे तपशील बदलले आहेत.) मुलानं आईवडिलांसाठी नागपूरच्या एका सहलीवाल्याकडून क्रूझ ठरवली होती: सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत करून परत, चार रात्री. कागद होता रात्रीच्या जेवणाचा. सहा वाजताची पंगत, साडेआठची पंगत, किंवा वेळेचं बंधन नाही, या आणि रिकामं टेबल मिळेल तिथं बसा. खाली आणखी एक ओळ: टेबल किती जणांचं हवं, दोन, चार, सहा की आठ.

मावशींनी तोडगा काढूनच ठेवला होता. जेवायला जायचंच नाही, खोलीत चिवडा-शंकरपाळ्यांवर भागवायचं. काका मात्र चिडले होते. "लाखभर रुपये काय चिवडा खायाले भरले का पोरानं?"

'कुठं बसू' या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा 'मला खाताना कोण बघेल' हा प्रश्न असतो. लग्नातल्या बुफेत ताट घेऊन कोपरा गाठणारी मंडळी सगळ्यांच्या ओळखीची आहेत, हा त्यातलाच प्रकार. पण सगळं ओझं भीतीच्या नावावर टाकूनही चालत नाही. काय काय टोचतंय ते मावशींनी एकेक करून सांगितलं, तेव्हा पाच गोष्टी निघाल्या. काटा-सुरी येत नाही. इंग्रजी येत नाही. काका माळकरी, शेजारच्याच्या ताटात मटण आलं तर? काकांची शुगर. आणि चिखलदऱ्याच्या घाटात बस लागते, मग समुद्रावर काय होईल? यातल्या पहिल्या दोन गोष्टी समुपदेशनाच्या. बाकीच्या तीन निव्वळ माहितीच्या, आणि माहितीच्या प्रश्नावर धीर देत बसणं म्हणजे तहानलेल्याला पंखा घालणं. म्हणून आधी त्या उरकल्या.

वेळेचं गणित आधी. सहाची पंगत घ्यावी, लवकर जेवून निजावं, असं गावाकडच्या माणसाला सहज वाटतं. पण सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. तिथं सहा वाजतात तेव्हा पोटाच्या घड्याळात दुपारचे साडेतीन झालेले असतात, चहाची वेळ. साडेआठला आपले सहा. चार रात्रींत पोट काही नवी वेळ शिकत नाही. तेव्हा साडेआठच बरं. अडचण काकांच्या गोळीची. अशा जेवणात सूप, मग मुख्य ताट, मग गोड असे टप्पे येतात, एकूण दीड तास सहज जातो. जेवणाआधीची गोळी खोलीत घेऊन निघालं आणि पहिलं ताट यायला पाऊण तास लागला, तर साखर उतरून घाम सुटतो, हात थरथरतात. गोळ्यांचं नवं वेळापत्रक डॉक्टरकडून लिहून घ्यायचं, संध्याकाळी पाच-साडेपाचला थोडं खाऊन घ्यायचं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची, असं ठरलं. आणखी एक. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. जहाज आपली वेळ बदलेलच असं नाही, पण मोबाइल आपोआप बदलतो. मग साडेआठची पंगत माणूस साडेनऊला गाठतो आणि वेटर गोड वाढत असतो. काकांचं जुनं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं, मोबाइल बघायचाच नाही.

टेबलाबाबत लाजऱ्या माणसाची पहिली उडी 'दोघांचं द्या' यावर असते. तिथं एकांत मिळेल, हा गैरसमज. दोघांची टेबलं बहुधा ओळीनं मांडलेली असतात, मधे वीतभर जागा, शेजारचं बोलणं न बोलणं सगळं कानावर. शिवाय वेटरशी बोलायचं ते तुम्हीच, दुसरं कोणी नाही. चौघांचं टेबल आमच्या मते सगळ्यांत अवघड: समोरच्या जोडप्याशी जुळलं नाही तर चारही रात्री तेच दोन चेहरे. आठजणांत गप्पा खूप, पण सगळ्यांचं सूप संपेपर्यंत पुढचं ताट येत नाही, म्हणजे पुन्हा काकांची शुगर. सहाजणांचं गोल टेबल ठीक. बोलायचं तर दोन्हीकडं माणूस आहे, गप्प बसायचं तर तेही खपतं.

सहलीत नागपूरची आणखी दोन शाकाहारी जोडपी होती. एकत्र बसायचं तर ते तोंडी ठरवून होत नाही. तिन्ही जोडप्यांचे बुकिंग क्रमांक सहलीवाल्यानं कंपनीकडं एकमेकांशी जोडून द्यावे लागतात, तेही जहाज सुटायच्या आधी. तरीही टेबल वेगळं पडलं तर चढल्या दिवशीच दुपारी जेवणघराच्या दारात हेड वेटरला गाठायचं. पहिल्या रात्रीनंतर टेबलं बसून जातात, मग हलवणं जड जातं. मटणाचा प्रश्न तिथंच बराचसा मिटला. 'शाकाहारी' मात्र बुकिंगच्या वेळी लिहून द्यायचं आणि पहिल्या रात्री पुन्हा सांगायचं. त्या भागात भाज्यांच्या सूपमध्येही माशांचा सॉस पडतो, केकमध्ये अंडं असतं, थरथरणाऱ्या पुडिंगमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेला चिकट पदार्थ. हेड वेटरला आदल्या रात्री सांगितलं तर पुष्कळदा उद्याचं वरण-भाताचं काहीतरी तो करवून देतो.

बस लागण्याचं भय समुद्राला पुरतं लागू होत नाही. घाटातली वळणं वेगळी, जहाजाचा झोका वेगळा. झोका कमीत कमी जाणवतो तो जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. मोठं जेवणघर साधारण खालीच असतं. पण पुष्कळ जहाजांवर ते मागच्या टोकाकडं काढलेलं असतं, आणि तिथं जहाज ढकलणाऱ्या खालच्या पंख्यांची थरथर पेल्यातल्या पाण्यात दिसते. तेव्हा दालनाच्या मधल्या बाजूचं टेबल मागायचं. खिडकीसाठी भांडू नये, साडेआठला बाहेर काळोखच असतो. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराजवळ नको, ताटं-ट्रेची ये-जा डोक्यावरून चालते. काकांचा गुडघा धरतो म्हणून भिंतीलगतचा लांब सोफा नको, हाताची खुर्ची हवी, बाहेरच्या बाजूची.

आता खरी गाठ. काटा आणि सुरी.

मावशींनी घरी स्टीलच्या ताटलीवर उकडलेला बटाटा घेऊन सराव सुरू केला आणि तिसऱ्या मिनिटाला बटाटा ओसरीवरून थेट कोंबडीपुढं गेला. चूक हाताची नव्हती, ताटलीची होती. हलकी स्टीलची ताटली दाबाखाली कलंडते, सुरी किरकिरते. जड काचेची किंवा चिनीमातीची बशी घ्यावी. काटा डाव्या हातात, दाते खाली, पाठीवर तर्जनी. आधी काटा रुतवायचा, मग त्याला अगदी लागून उजवीकडं सुरी मागं-पुढं ओढायची, वरून दाबायची नाही. एका वेळी एकच घास कापायचा. सगळं आधीच चिरून ठेवलं की जेवण गार होतं आणि लहान मुलाचं ताट दिसतं. पुष्कळ चमचे मांडलेले असतील तर बाहेरचे आधी, आतले नंतर. गोल टेबलावर डावीकडची ब्रेडची बशी आपली, उजवीकडचा पेला आपला. इथं भलेभले चुकतात आणि शेजाऱ्याचा पाव खातात.

ब्रेड, रोटी तर कोणत्याही देशात हातानंच तोडतात. आणि सिंगापूर, मलेशिया, थायलंडकडची माणसं उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा धरून, काट्यानं भात चमच्यात लोटून जेवतात. म्हणजे सुरीविनाही चालतं. हे ऐकून मावशींचे खांदे खाली आले. "मंग चमचाच मागतो मी. चमचा म्हणजे काय म्हणू?" स्पून. चार शब्द पाठ झाले: स्पून, व्हेज, नो एग, थँक्यू.

एक खूण मात्र पक्की करून घेतली. काटा-सुरी जोडीनं शेजारी-शेजारी ठेवली म्हणजे 'झालं, ताट न्या'. अजून खायचं असेल तर दोन्ही आपल्या ८ च्या आकड्यासारखी फाकवून ठेवायची.

भीतीचं काम पायऱ्यांनी केलं. शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा. घरी काट्यानं खाणं, १५. आर्वीच्या हॉटेलात मधल्या टेबलावर इडली, ४०. नागपूरला अनोळखी माणसाच्या समोर बसून पूर्ण थाळी, ६५. जहाज, ९०. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा. आर्वीत पहिल्यांदा मावशी जेवून आल्या, पण आकडा जागचा हलला नाही. विचारल्यावर कळलं, घरून भाकरी खाऊन गेल्या होत्या, ऑर्डर काकांनी दिली आणि त्या सबंध वेळ मोबाइलमध्ये बघत होत्या. अशा आडोशांमुळं मनाला एवढंच कळतं की आडोसा होता म्हणून वाचलो. दुसऱ्या खेपेला उपाशी जायचं, ऑर्डर स्वतः द्यायची, मोबाइल पिशवीत. तिसऱ्या खेपेला आकडा १५ झाला.

'सगळे बघतात' यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा २००० सालचा एक प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांत पाठवलं. निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्या लक्षात आला. मावशींना हा प्रयोग फारसा पटला नाही. "आमच्या गावात पुरे शंभर टक्के पाह्यतात." पण नागपूरच्या हॉटेलात समोर बसलेल्या माणसानं पाणी कितीदा प्यायलं, हे त्यांना आठवेना, तेव्हा हसल्या.

कागदावर खूण झाली: साडेआठ, सहाजणांचं टेबल.

परतल्यावर एकदा येऊन गेल्या. दोन रात्री बऱ्या गेल्या, समुद्रही शांत होता. तिसऱ्या रात्री शेजारच्या बाईशी बोलता बोलता काटा-सुरी जोडीनं ठेवली गेली आणि वेटरनं अर्धं ताट उचललं. मावशींनी हात वर केला, "नो, नो, स्पून!" म्हणाल्या. ते ताट तर गेलं होतं. त्यानं दुसरं आणलं, गच्च भरलेलं.

"दीड जेवण झालं म्हना ना जी," मावशी म्हणाल्या. "अन् ते बाई हासली, तं मीबी हासली."