वाचक विचारतात: रात्री रस्ता दिसत नाही, बल्ब बदलू का?

प्रश्न: मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. माझी 2012 सालची डिझेल गाडी आहे, हेडलाइटला एच4 बल्ब (जवळचा डिपर आणि लांबचा अप्पर एकाच बल्बमध्ये). पहाटे चारला क्रेट भरून नाशिकला मार्केट यार्डात जातो. गेल्या महिन्यात समोरून आलेल्या लाइटने डोळे दिपले आणि पुढे चाललेली ट्रॅक्टरची ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसली. एक जण 100/90 वॅटचे बल्ब टाका म्हणतो, दुसरा एलईडी. काय करू?

उत्तर: दादा, ट्रॉलीचं वाचून काळजात धस्स झालं. सीझनमध्ये त्या रस्त्यावर मी स्वतः रात्री गाडी चालवतो, म्हणून सविस्तर लिहितो. अठ्ठावीस वर्षं नाशकात गाड्यांचं वायरिंग करतोय. माझं ऐकाल तर आधी बल्बला हात लावू नका. आहे तो उजेड कुठे वाया जातोय ते शोधा.

पहिली काच बघा. बारा-तेरा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची काच, म्हणजे खरं तर प्लास्टिकच, पिवळी पडते. नख फिरवलं तर खरखरीत लागते. पाणी मारत 800, 1000 आणि 2000 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवायचा, मग रबिंग कंपाउंड, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा क्लिअर कोट. कोट टाळलात तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टने चकाकी येते, पण टिकत नाही.

दुसरं वायरिंग, आणि खरा उजेड इथेच मरतो. परवाच एका गाडीचं इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मीटर लावला. बॅटरीवर 14.1 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 12.3. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की हॅलोजनचा उजेड साधारण तीस टक्के पडतो. म्हणजे त्या गाडीत एक तृतीयांशापेक्षा जास्त उजेड वायरीतच जिरत होता. बॉडीला कसलेला अर्थिंगचा बोल्ट काढला, तर खाली हिरवट गंज. तो घासला आणि रिलेचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचं वायरिंग टाकलं. यात बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट बल्बला जाते आणि जुनी वायर फक्त रिले चालू-बंद करते. बल्ब जुनेच होते, तरी गाडीवाल्याने नवे टाकले का, असं विचारलं.

आता 100/90. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा, म्हणजे अप्परला 60, डिपरला 55. अप्परला दोन्ही मिळून 120 वॅट, म्हणजे दहा अँपिअर. वायर आणि स्विच तेवढ्याच हिशोबाने दिलेले असतात. 100 चे दोन टाकले की सतरा अँपिअरच्या आसपास जातं. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाने हट्ट धरला म्हणून रिले न लावता मी ते बसवून दिले. पंधरा दिवसांत तो परत आला. बॉनेट उघडल्याबरोबर जळका वास. होल्डर तपकिरी होऊन बल्बच्या पिनांना चिकटला होता, पकडीने ओढला तर तुकडे हातात आले. वायर पेटली नाही हे नशीब. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून हे बल्ब मी कुणालाच बसवून देत नाही.

एलईडीचं दुखणं वेगळं. एच4 मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची बारीक वाटी असते. तिच्यामुळे उजेड वरती, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. एलईडीची चिप नेमकी फिलामेंटच्या जागी बसली नाही तर उजेड विस्कटतो. बॉनेटसमोर लखलखाट होतो, त्याने आपल्याच डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी काळोखं वाटतं. समोरचा आंधळा होतो ते वेगळंच. तुम्हाला ज्याने दिपवलं, तो बहुधा असाच कुणी असावा. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही. निळ्या काचेचे बल्बही नकोत, तो निळा रंगच उजेड खातो.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शंका फोकसची आहे. मागे क्रेट भरले की गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं आणि डिपर झाडांच्या शेंड्यांवर जातो. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावा. डिपरच्या उजेडाची वरची कडा हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे ती थोडी वर चढते, कडेचा माणूस, बैलगाडी दिसावी म्हणून. हे गाडी रिकामी असताना, लेव्हलरचं (उजेड वर-खाली करणारं) बटण शून्यावर ठेवून सेट करा. माल भरला की त्याच भिंतीसमोर बटण किती फिरवावं लागतं ते एकदा बघून ठेवा.

एवढं करून बल्ब बदलायचेच असतील तर चांगल्या कंपनीचे 60/55 च घ्या. एकदम दोन्ही बदला, कारण जुना बल्ब आतून काळवंडलेला असतो. बसवताना काचेला बोट लावू नका, फडक्याने धरा.

आणि दादा, तुमच्याकडेही ट्रॉली असेलच. तिच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टरची पट्टी याच आठवड्यात चिकटवा. फळी आधी घासून कोरडी करा, नाहीतर धुळीवर ती धरत नाही.