राउटरचे बिट: संच की सुटे?

प्रश्न: घरच्या सुतारकामासाठी राउटर (लाकडात खाचा पाडणारे, कडा घडवणारे विजेवरचे मशीन) घेतला आहे. बारा बिटांचा (त्यात बसवायच्या कापणाऱ्या पात्यांचा) स्वस्त संच घेऊ की लागतील तसे सुटे? – एक वाचक, फोंडा

उत्तर: सुटेच घ्या. संचातले बरेच बिट डबीतच राहतात. ६ आणि १२ मिमीचे सरळ, कडा गोल करणारा ६ मिमी त्रिज्येचा राउंडओव्हर आणि एक कड दुसरीच्या बरोबरीत कापणारा बेअरिंगचा फ्लश ट्रिम, एवढ्यांवर बहुतेक काम निघते. मात्र कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण धारेचेच घ्या. प्लायमधल्या गोंदाने साध्या पोलादाची धार लवकर जाते.

खरेदीआधी कॉलेट, म्हणजे बिटाचा दांडा धरणारी मशीनची पकड, तपासा. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, जाडीचे दांडे दिसायला सारखेच. पण पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिमीचा दांडा घट्ट बसत नाही. चालू मशीनमध्ये तो सरकतो, खाच खोल जाते, बिट सुटून अंगावरही येऊ शकतो. दांडा तळाला टेकवून २-३ मिमी वर घ्या, मगच आवळा.

सागवानात किंवा फणसात ६ मिमीचा बिट एका फेरीत ३ मिमीहून खोल घालू नका. लाकूड काळे पडले तर धार गेली, राळ चिकटली किंवा हात फार संथ चालला.

आपल्याकडच्या पावसाळ्यात दांडे गंजतात आणि गंज कॉलेट खराब करतो. तेलाचा हात फिरवून ठेवा, बसवताना मात्र तेल पूर्ण पुसा.