पहिला आणि शेवटचा ठिपका जोडला की झाली का 'बेस्ट फिट' रेषा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलाला शाळेतून स्कॅटर प्लॉट काढून त्यावर 'बेस्ट फिट' रेषा मारायला सांगितली आहे. तो पहिला आणि शेवटचा ठिपका पट्टीने जोडून मोकळा होतो. हे चालतं का, आणि चालत नसेल तर ती रेषा काढायची कशी?

चालत नाही. पण त्याला रागावू नका. मी गोव्यात फोंड्याला शिकवण्या घेतो आणि दर वर्षी निम्मा वर्ग हेच करतो. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे आपणच त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. मग समोर पाच ठिपके आले की मुलं त्यातले सोयीचे दोन निवडतात आणि उरलेल्या तिघांना वाऱ्यावर सोडतात.

मी हे बांगड्यांवर शिकवतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. ही बंदी उठली आणि बाजारात बांगडा जरा आवाक्यात आला की मी पट्टी घेऊन जातो आणि लहानमोठे बांगडे निवडून आणतो. आमची नुस्तेकारीण, म्हणजे मासळीवाली, पहिल्या वर्षी म्हणाली होती, "मास्तर, नुस्तें खावपाक की मेजपाक?" मासे खायला की मोजायला? दोन्हीसाठी, म्हटलं. आधी मोजायचे, मग उडीदमेथीचं कालवण.

हिशेब सोपा व्हावा म्हणून दोन-दोन सेंटिमीटरच्या फरकाने निवडलेले माझ्या वहीतले पाच बांगडे सांगतो. १८ सेंटिमीटरचा भरला ६० ग्रॅम, २० चा ८०, २२ चा १०५, २४ चा १४० आणि २६ चा १७५. आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर वजन, आणि एका बांगड्याचा एक ठिपका. झाला स्कॅटर प्लॉट. त्यात याहून जास्त काही नाही. ठिपके एकमेकांना जोडायचे नाहीत, एवढंच पथ्य. जोडले तर तो रेषालेख होतो, आणि २० सेंटिमीटरचा बांगडा हा काही १८ वाल्याचा पुढचा दिवस नव्हे.

आता रेषा. हाताने काढायची असेल तर आधी दोन्ही सरासऱ्या काढा. लांबीची येते २२, वजनाची ११२. (२२, ११२) ही जागा आलेखावर फुलीने दाखवा. उत्तम रेषा या फुलीतून जातेच जाते, मग ठिपके कसेही पडलेले असोत. फुलीवर टाचणी टोचलीय असं समजून पारदर्शक पट्टी तिच्याभोवती फिरवायची आणि ठिपके दोन्ही अंगांना सारखे वाटले गेले असं वाटलं की थांबायचं. शाळेच्या प्रोजेक्टला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

पण 'सारखे वाटले गेले' हे ठरवायचं कोणी? माझ्या डोळ्याने की तुमच्या? इथे हिशेब लागतो. प्रत्येक ठिपक्यापासून रेषेपर्यंतचं अंतर सरळ उभं मोजायचं. तिरकं नाही, कारण आपण लांबीवरून वजनाचा अंदाज करतोय आणि चूक होणार ती वजनात, म्हणजे उभ्या दिशेत. मग प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. ज्या रेषेची ही बेरीज सगळ्यांत कमी, ती बेस्ट फिट. नुसती अंतरं मिळवली तर वरची अधिक आणि खालची उणे एकमेकांना खाऊन टाकतात. वर्ग केला की चिन्ह जातं, शिवाय मोठ्या चुकीला मोठा दंड बसतो. ही युक्ती पहिल्यांदा छापली फ्रान्सच्या लजांद्र या गणितज्ञाने, १८०५ साली, धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या पुस्तकात. चार वर्षांनी जर्मन गणितज्ञ गाउस म्हणाला, मी तर ही १७९५ पासून वापरतोय. भांडण बरंच रंगलं. असो.

आता रेषेचा चढ, म्हणजे लांबी एकाने वाढली की रेषा किती वर जाते, तो काढायची रीत अशी. प्रत्येक बांगड्याची लांबी सरासरीपेक्षा किती कमी-जास्त ते लिहा : उणे ४, उणे २, ०, २, ४. वजनाचंही तसंच : उणे ५२, उणे ३२, उणे ७, २८, ६३. जोडीजोडीने गुणून बेरीज केली की २०८, ६४, ०, ५६, २५२ मिळून ५८० होतात. लांबीच्या फरकांचे वर्ग मिळून ४०. ५८० भागिले ४० म्हणजे १४.५. एक सेंटिमीटर वाढला की बांगडा सुमारे साडेचौदा ग्रॅमने भरतो. रेषा फुलीतून न्यायची असल्याने (११२ − १४.५ × २२ = −२०७) समीकरण येतं : वजन = १४.५ × लांबी − २०७.

तुमच्या मुलाच्या रेषेशी तुलना करून बघा. या रेषेच्या चुका येतात अधिक ६, उणे ३, उणे ७, उणे १, अधिक ५. वर्गांची बेरीज १२०. पहिला-शेवटचा जोडलेल्या रेषेत त्या दोन ठिपक्यांची चूक शून्य, पण मधले तिन्ही रेषेखाली लोंबकळतात आणि बेरीज जाते २७२ च्या आसपास. हे त्याला स्वतःला करू द्या. सांगून पटत नाही, बेरीज केली की पटतं.

एक्सेलमध्ये आलेखावरच्या ठिपक्यांवर उजवं क्लिक करून ट्रेंडलाइन घातली की हीच रेषा मिळते. चढ काढणारं SLOPE हे सूत्र वापरलंत तर आधी वजनाचा रकाना द्यायचा, मग लांबीचा. उलट दिलात तर तक्रार न करता ते भलतंच उत्तर देतं.

आता माझ्या आवडीचा भाग. वरच्या चुका पुन्हा वाचा : अधिक, उणे, उणे, उणे, अधिक. दोन्ही टोकं रेषेच्या वर, मधले खाली. चुका अशा रांगेत उभ्या राहिल्या की समजायचं, ठिपके मुळात वाकलेल्या वाटेने चाललेत आणि आपण त्यांच्यावर सरळ पट्टी लादली आहे. बांगडा लांब होतो तसा रुंद आणि जाडही होतो, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १८ वरून २६, म्हणजे लांबी दीडपटही झाली नाही, आणि वजन मात्र जवळजवळ तिप्पट. १४ सेंटिमीटरचं पिल्लू आमच्या समीकरणात घाला : १४.५ गुणिले १४ म्हणजे २०३, त्यातून २०७ गेले. उणे ४ ग्रॅमचा बांगडा! घनाच्या हिशेबाने तो २८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. वर्गात हसू पिकतं, पण ठिपके जिथे संपतात त्याच्या पलीकडे रेषा का ताणायची नाही, हे मला पुन्हा सांगावं लागत नाही. २१ सेंटिमीटरच्या बांगड्याला तीच रेषा साडेसत्याण्णव ग्रॅम सांगते आणि ते ठीकच आहे.

आणि गंमत म्हणजे या पाच ठिपक्यांचा सहसंबंध गुणांक, म्हणजे ठिपके सरळ रेषेला किती धरून आहेत ते सांगणारा आकडा, ०.९९ येतो; तंतोतंत रेषेवर असते तर १ आला असता. नुसता तो आकडा बघणाऱ्याला वाकण दिसणारच नाही. १९७३ साली फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच दिले. चारही संचांच्या सरासऱ्या, गुणांक आणि बेस्ट फिट रेषा जवळपास तंतोतंत सारख्या. पण आलेख काढला की एक साधा विखुरलेला, एक कमानीसारखा, एकात एकच ठिपका रांग सोडून गेलेला, आणि एकात एक सोडून सगळे एकावर एक उभे. म्हणून आधी ठिपके, मग सूत्र.

रांग सोडून गेलेल्या ठिपक्याचं काय करायचं, हे मुलगा विचारेलच. मला एकदा २२ सेंटिमीटरचा एक बांगडा १२४ ग्रॅमचा मिळाला. कापला तेव्हा पोटात गाबोळी, म्हणजे अंडी. तो धरून पुन्हा हिशेब केला तर चढ तोच, १४.५, रेषा फक्त २ ग्रॅमने वर सरकली, कारण तो बरोबर मध्यावर होता. तसाच जाडजूड एखादा २६ च्या टोकाला असता तर त्याने रेषा फिरवली असती. माझं मत असं, की ठिपका नडतोय म्हणून खोडायचा नाही. कारण सापडलं तर ते शेजारी लिहून ठेवायचं.

प्रोजेक्टच्या शेवटी निष्कर्षात 'यामुळे' हा शब्द लिहिताना मात्र त्याला थांबवा. आमच्याकडे छत्र्यांचा खप आणि मासळीचा भाव आठवड्या-आठवड्याने मांडला तर जूनमध्ये दोन्ही चढतात आणि ठिपके छान वर जाणाऱ्या पट्ट्यात पडतील. छत्र्यांमुळे मासळी महागत नाही. पाऊस लागतो त्याच सुमारास बंदीही सुरू होते.

बांगड्यांवरच करणार असाल तर मोजमाप साफ करण्याआधी उरका. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी पट्टी शोधेपर्यंत बायकोने दोघांची डोकी उडवली होती. ते दोन ठिपके गेले ते गेलेच.