प्लाझ्मा गुलाबी दिसला तर थांब

मलेरियाच्या प्रोटिओमिक्सला, म्हणजे त्यातल्या प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासाला, हात घालतेयस, छान वाटलं. पण प्रथिनं ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधी रक्ताच्या नळीकडे बघायला शीक. पावसाळ्यात परळच्या रुग्णालयातून पवईच्या प्रयोगशाळेत नमुना पोचेपर्यंत दीड तास सहज जातो. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर वरचा थर, म्हणजेच प्लाझ्मा, फिकट पिवळा हवा. गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात. मलेरियात त्या फुटतातच गं, पण चुकीच्या पद्धतीनं रक्त काढलं किंवा नळी हिंदकळली तरीही फुटतात, आणि कशानं फुटल्या हे नंतर सांगता येत नाही. म्हणून रक्त कधी काढलं, कधी फिरवलं, रंग कसा होता, हे तिथल्या तिथे वहीत लिही. अशा नोंदी नव्हत्या म्हणून माझा एक अख्खा पावसाळा वाया गेलाय.

तुलनेला नुसती निरोगी माणसं घेऊ नकोस. सीआरपी, सीरम अमायलॉइड ए ही प्रथिनं कितीतरी तापांत वाढतात. डेंग्यूचे आणि लेप्टोचे रुग्णही घे. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे तिन्ही एकाच वॉर्डात भेटतात.

प्लाझ्मातलं निम्म्याहून जास्त प्रथिन अल्ब्युमिनच असतं, ते आधी कमी कर, नाहीतर बाकीची प्रथिनं त्याखाली झाकली जातात.

आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या परजीवीचा नमुना जिवापाड जप. फाल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा परजीवी १९७६पासून प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो, व्हायव्हॅक्स अजून तसा वाढत नाही. त्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब तापानं कुडकुडणाऱ्या माणसानं दिलेला असतो. संमतीपत्र त्याच्या भाषेत, शेजारी बसून वाचून दाखव.